सोयाबीनचा भाव आणि आमचं गाणं

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीनचा भाव वाढू नये असं मनापासून वाटणारी माणसं आम्ही चौघंच असू. आणि चौघंही शेतकऱ्यांच्या घरची. माझ्या बाबांचं आसेगावचं सोयाबीनसुद्धा त्या वर्षी घरातच पडून होतं. तरी मी रोज सकाळी मोबाइलवर बाजारभाव बघायचे आणि भाव पडलेला दिसला की मला चहा गोड लागायचा.

याला कारण आमचा रॉक बॅण्ड. मी गाते. एरवी मालेगावात कॉम्प्युटर शिकवते आणि दिवसभर पोरांवर ओरडते, त्यामुळे गळा तयारच असतो. गिटारवाल्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, रेकॉर्डिंगची सगळी भानगड त्याच्याच लॅपटॉपवर चालते. बेसवाला शिरपूरहून एसटीने येतो. त्याची बस चुकली की त्या दिवशी आमच्या गाण्यात बेस नसतो. ड्रमर मालेगावजवळच्या खेड्यात शेती करतो, आणि त्याच्या घरामागच्या टिनाच्या खोलीत आमची प्रॅक्टिस असते. त्याचे वडील, म्हणजे आमचे सगळ्यांचे काका, तीन वर्षांत आमच्या गाण्याबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर बोलले नव्हते. आम्ही सुरू झालो की ते म्हशी घेऊन नाल्याकडे निघायचे. म्हशींची काही तक्रार नव्हती, असं ड्रमर सांगतो.

कार्यक्रम मिळायचे. शाळेचं गॅदरिंग, शारदोत्सव, एखाद्या हौशी मित्राचं लग्न. लोक धुरळा उडेस्तोवर नाचायचे आणि आम्हाला अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं. फक्त भाड्याने आणलेले साउंडवाले आवाज इतका वाढवून ठेवत, की मी काय गाते ते माझं मलाही कळत नसे. गाणी आमची स्वतःची, शब्द माझे, आमच्या वऱ्हाडीतले. एका लग्नात घामाघूम होऊन स्टेजवरून उतरले, तर एक गृहस्थ मुद्दाम पुढे आले.

"मॅडम, लय भारी झालं. पन तुमी म्हनून काय राह्यल्या होत्या?"

मला इतका राग आला की मी जेवणाच्या पंगतीतसुद्धा कुणाशी बोलले नाही. आणि तिथेच, वांग्याची भाजी चिवडत ठरवलं, की एक तरी गाणं असं रेकॉर्ड करायचं ज्यात माझा शब्दन्‌शब्द ऐकू आला पाहिजे. गाणंही ठरलेलं होतं. 'मले हळू बोल म्हनू नका, मी आत्ता कुठं बोलली.' हे मी का लिहिलं, ते मला ओळखणाऱ्या कुणी कधी विचारलं नाही.

पण टिनाची खोली घुमायची. एक शब्द म्हटला की चार परत यायचे. आम्ही भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, ते उंदरांनी कुरतडले. गोधड्या टांगल्या, तर काकूंनी थंडी पडताच उतरवून नेल्या. त्यात त्या वर्षी सोयाबीन निघालं आणि भाव पडलेला. "फुकटात देऊ काय?" काका म्हणाले आणि सगळा माल आमच्या खोलीत आणून टाकला. तिन्ही भिंतींना लागून पार छतापर्यंत पोत्यांची थप्पी. ड्रम दारापाशी सरकले, बेसवाल्याला उभं राहायला जागा उरली नाही. मी काकांच्या माघारी भरपूर कुरकुर केली.

मग चिडून एक ओळ म्हटली आणि थांबले. आवाज परत आलाच नाही, पोत्यांनीच तो गिळला. जसा तोंडातून निघाला तसाच माइकमध्ये गेला. गिटारवाल्याने हेडफोन माझ्या कानाला लावले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी माझा आवाज नीट ऐकला. थोडासा घोगरा, रागीट, पण प्रत्येक शब्द सुटा. आनंदाच्या भरात मी गिटारवाल्याच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचा चष्मा पडला.

भाव चढला की ही पोती जाणार, म्हणून तेव्हापासून आम्ही सोयाबीनच्या भावाचे वैरी. ड्रम झाले, गिटार झाली, बेस शिरपूरच्या बसच्या मर्जीप्रमाणे झाला. माझे दोन अंतरे झाले. श्वास माइकवर आदळू नये म्हणून ओढणीचा तुकडा चहाच्या गाळणीवर ताणून मी माइकसमोर धरायचे आणि गायचे. अंगाला पोत्यांची कुसं टोचत, मध्येच शिंक यायची, आणि मी इतकी सुखात होते की विचारू नका. फक्त तिसरा अंतरा आणि शेवटचा मुखडा राहिला होता.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "भाव चढला वो बाई. उद्या इकून टाकतो म्या." इतका खुशीतला आवाज त्यांचा कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मी "बरं झालं" म्हटलं, ते त्यांना कुणी गेल्याची बातमी कळल्यासारखं ऐकू आलं असणार. "काहून वो, तब्येत बरी नाही काय?" असं त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी देऊन मी गिटारवाल्याला लॅपटॉपसकट मागे बसवून स्कूटी हाणत काकांकडे पोचले, तर अंगणात टेम्पो उभा आणि पाच हमाल कामाला लागलेले.

"काका, दोन दिवस थांबा ना."

"दोन दिसांत भाव उतरला तं तू भरून देशीन काय?"

मी दारातून आत डोकावून किती पोती उरलीत ते मोजू लागले.

"आत्ता गाय ना," काका म्हणाले. "तुले कोनी धरलं?"

मग आम्ही शर्यतच लावली. हमाल दाराकडून पोती उचलत होते आणि मी आतल्या कोपऱ्यात उरलेल्या पोत्यांना चिकटून तिसरा अंतरा म्हणत होते. एकदा पोतं धप्पकन पडलं. एकदा टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. एकदा मीच शब्द विसरले आणि वर हमालांवरच खेकसले. प्रत्येक वेळी मुखड्याची ओळ म्हणून सूर पकडायचा आणि अंतरा पहिल्यापासून. अखेर अंतरा धड रेकॉर्ड झाला, तोवर माझ्या पाठीमागचं शेवटचं पोतं एका हमालाने, "सरका ताई," म्हणत, अदबीने काढून नेलं.

खोली रिकामी झाली. मुखडा राहिलाच. मी गिटारच्या स्पीकरच्या पेटीवर बसकण मारली आणि सांगितलं, की आता पुढच्या हंगामात बघू. हमाल दाराशी चहा प्यायला बसले होते. त्यातला एक वयस्कर म्हणाला, "बाई, ते गाणं आर्धंच राह्यलं ना. पुरं करा, मंग जातो आमी."

गिटारवाल्याने मला न विचारताच रेकॉर्डिंग चालू केलं. मी रागातच उठले आणि पोटातून मुखडा लावला. टिनाने तो उचलला आणि दुप्पट करून परत दिला. दुसऱ्या वेळी दाराकडून कुणीतरी माझ्यासोबत म्हणू लागलं. मग दुसरा, मग पाचही जण. दुपारभर ऐकून ऐकून त्यांना शब्द पाठ झाले होते, एकही चुकला नाही. मिशाळ गडी पोटतिडकीने म्हणत होते, 'मले हळू बोल म्हनू नका, मी आत्ता कुठं बोलली.' आणि सगळ्यांच्या वर, बेसूर आणि बिनधास्त, काका. ते म्हशींकडे गेले नव्हते. ड्रमर तोंडावर हात दाबून हसत होता. मला थांबावंसंच वाटेना, मुखडा आम्ही किती वेळा म्हटला ते शेवटी लॅपटॉपलाच ठाऊक. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते मी पुसलं नाही.

नंतर गिटारवाल्याने त्या रेकॉर्डिंगमधून बाकीचे आवाज कमी करता येतात का बघितलं. येत नव्हते. मी त्याला लॅपटॉप मिटायला लावला आणि गाणं तसंच ठेवलं.

रविवारी आसेगावला गेले. माल विकून बाबा खुशीत होते. बाजेवर बसून त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि पूर्ण गाणं मान हलवत ऐकलं. मग मागे जाऊन शेवटच्या मुखड्याशी गाणं थांबवून म्हणाले, "इथं तं सारेच गाऊन राह्यले. यात तू कोनती वो?"

"मलेही नाही समजत, बाबा."

त्यांनी तो मुखडा परत लावला आणि मला शोधत ऐकत बसले.