रेंज नावाचा माणूस

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीवरचे पाय वर उचलून घेतो. त्या दिवशी जमीन बोलली आणि माझ्या मिशीचे केस जे उभे राहिले, ते निवृत्तीनंतरही बसलेले नाहीत.

लोहारा तालुक्यातल्या एका बागायतदाराचा मुलगा आदल्या दिवसापासून बेपत्ता होता. मोटारसायकल सापडली ती त्र्याण्णवच्या भूकंपात बसलेल्या जुन्या गावठाणाशी. वस्ती केव्हाच नव्या गावात गेलेली. इथं नुसते दगड आणि बाभळी. शेजारी एका नंदीबैलवाल्याचं पाल. झालं! मग गावठाण कोण शोधतो? चोर मला वासावरून कळतो, असा फौजदार म्हणून माझा लौकिक होता. तो मीच पसरवला होता. नंदीवाला ठाण्यात आणला.

"पोरगं कुठंय, बोल!"

"ठाव न्हाय, सायेब."

तासभर तेच पालुपद. तेवढ्यात नव्या गावातली एक म्हातारी काठी टेकत आली. भूकंपात तिचं सगळं घर गेलं होतं. ती रोज जुन्या उंबऱ्यावर फुलं ठेवायला जाई आणि तिला गेलेल्यांचे आवाज येत, हे ठाण्यातल्या मांजरालाही माहीत होतं.

"लेकरा, जमिनीतनं कुणीतरी हाका मारतंय."

हवालदार हसला. "आज कोण, आजी? मामंजी का जाऊबाई?"

"वळखीचं न्हाय रं. 'रेंज न्हाय, रेंज न्हाय' म्हणतंय. रेंज नावाचं आमच्या गावात कुणीच नव्हतं."

हवालदार हसतच होता. माझ्या मात्र अंगावर काटा आला. भूकंपात गेलेल्याला मोबाइलची रेंज कशी ठाऊक? पोरगं जिवंत होतं!

नंदीवाला पुटपुटला, "म्या बी ऐकलाय त्यो आवाज."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी मलाच धरलं असतं. न्हाय सांगितलं, तरी धरलंच की."

म्हातारीला आणि नंदीवाल्याला घेऊन भर दुपारी गावठाण गाठलं. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. म्हातारी दगडांतून अशी वळत होती, जणू गल्ल्या अजून तिथंच आहेत. एका एकट्या उंबऱ्याशी ती वाकली. नसलेल्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून. आम्हीही वाकलो. आणि माझ्या बुटाच्या टाचेखालून घोगरा आवाज आला, "कोण हाय वर?"

खाली धान्याचं जुनं पेव होतं. तोंड झुडपांनी झाकलेलं. आडोशाला गेलेलं पोरगं थेट आत पडलं होतं, पाय मोडला होता. विषारी हवा असेल म्हणून आधी कंदील सोडला, ज्योत टिकली. हवालदार उतरला, दोर नंदीला बांधला. "ओढशील का?" मी विचारलं. नंदीनं मान डोलावली आणि पोरगं वर आणलं. आईशप्पथ!

माझं नाक चोर हुंगत नव्हतं, पाल हुंगत होतं. कानही माणूस बघून उघडत होते. मग ठाण्यात नियम केला : आधी सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, नाव, गाव, धंदा नंतर विचारा.

पहिल्याच दिवशी हवालदार घामाघूम होऊन आला. "साहेब, नाव-धंदा विचारल्याशिवाय माणसाला अरे म्हणायचं का अहो, हे ठरवायचं कसं?"

औषध लागू पडतंय, हे मी तिथंच ओळखलं.