रॉकेटभावोजींचं विमान

आमच्या घरातला एकही पापड रॉकेटभावोजींनी सरळ तोंडात घातला नाही. आधी तो उडायचा. भाजलेला पापड मधोमध मोडून ते त्याचा त्रिकोण करत, आमटीच्या वाटीवरून तिरका फिरवत आणि म्हणत, "वहिनी, हे बघा. शेपटी नाही. शेपटीची गरजच नाही!" पापडाला शेपटी नसते, एवढं मलाही ठाऊक होतं.

सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यात ते आणि माझे यजमान एकाच फिटिंग शॉपमध्ये. बायको मिरजेला, हे कंपनीच्या कॅम्पात एकटे, म्हणून दर शुक्रवारी जेवायला आमच्याकडे. खरं नाव फक्त इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर उरलं होतं. मागच्या महायुद्धात युरोपात कुणी रॉकेटवर चालणारं विमान बनवलं होतं, त्याचं या माणसाला वेड. ते विमान वर जाताना चाकं खाली टाकून द्यायचं, काही मिनिटांत इंधन संपायचं, मग तरंगत येऊन पोटावर घसरत उतरायचं. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच. आल्या आल्या कफील-मालक पासपोर्ट काढून घेतो, पुढचं आपलं आपण बघायचं." भावोजी हसले नाहीत. विमानाच्या बाबतीत त्यांना विनोद चालत नसे.

तसंच विमान ते खोलीत बनवत होते. खजुराच्या झावळ्यांचे दांडे, थर्माकोल, शॉपमधल्या पत्र्याचे तुकडे. पंखांची लांबी हातभर, गप्पांची मैलभर. दर शुक्रवारी एक नवी सुधारणा. आमची लेक विचारायची, "अंकल, विल इट एव्हर फ्लाय?" त्यावर ठरलेलं उत्तर, "इंधनाचा प्रश्न तेवढा राहिलाय, बेटा." ज्या गावात वाळत घातलेल्या कपड्यांनाही तेलाचा वास यायचा, त्या गावात या गृहस्थांना इंधन मिळेना! बायकोचा फोन आला की तिलाही तेच. चाचणी झाली की येतो. ती बिचारी काय समजत असेल, देव जाणे.

मग इराकने कुवेत गिळलं आणि जानेवारीत क्षेपणास्त्रांचे सायरन सुरू झाले. विषारी वायूच्या धास्तीने आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, दाराखाली ओले टॉवेल कोंबून, मास्क चढवून आतल्या खोलीत बसायचो. जेवायला आलेले भावोजी मात्र गच्चीवर. आभाळातून मरण चाललंय आणि हा माणूस वरून ओरडतोय, "वजनाचा तोल चुकलाय हो यांचा! बघा कसं डुलतंय!" मी त्यांना खाली ओढून आणलं आणि भरपूर बोलले. ते म्हणाले, "वहिनी, चूक ती चूक. शत्रूची असली म्हणून काय झालं?"

अखेर कंपनीने बायकामुलांना आणि निघणाऱ्यांना जेद्दाला न्यायला बस काढली. माणशी एक बॅग. आम्ही कपडे घेतले, कुकर घेतला. भावोजींनी चादरीत गुंडाळलेलं विमान घेतलं. बॅग नाहीच.

वाटेतल्या चौकीवर एक अधिकारी बसमध्ये चढला. चादर उलगडून त्याने विचारलं, "एश हाझा?" हे काय आहे? आमचे हे प्रसंगावधानी. लेकीकडे बोट दाखवून चटकन म्हणाले, "लुअबा." मुलीचं खेळणं. अधिकारी वैतागलेलाच होता. "खलास, यल्ला," झालं, निघा, म्हणून तो वळलासुद्धा.

आणि भावोजी उभे राहिले. "ला, ला! नो टॉय! रॉकेट!"

युद्ध चालू असताना, लष्करी चौकीवर, भरल्या बसमध्ये हा शब्द! पुढचा बराच वेळ आम्ही सगळे उन्हात उभे. इकामे जमा, बॅगा रस्त्यावर उघड्या, माझ्या लोणच्याच्या बरणीचंही झाकण काढून वास घेतला गेला. सायरन झाला तर पोरीला घेऊन लपायचं कुठे, म्हणून मी आडोसा शोधत होते. भावोजी मात्र हातवारे करून त्या अधिकाऱ्याला शेपटी का नाही ते समजावत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं, विमान चारी बाजूंनी पाहिलं आणि निकाल दिला. माणसं जातील, रॉकेट इथेच राहील.

तो पंखाला धरून ते उचलू लागला, तसे भावोजी कळवळले. "तिथे नको! खालून, खालून!" भाषा मराठी, पण त्याला समजलं. त्याने ते दोन्ही हातांवर घेतलं आणि जपून चौकीत नेलं.

बस सुटली. भावोजींचे डोळे वाहत होते. जेद्दाहून ते परस्पर मिरजेला गेले, पुन्हा आमची भेट नाही, आणि पुढे कित्येक शुक्रवार मला जेवण गोड लागलं नाही. पण तेव्हा बसमध्ये मी त्यांना चांगलं फैलावर घ्यायच्या तयारीत होते. गप्प बसून खेळणं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, असं विचारणारच होते. तेवढ्यात त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. चेहरा नुसता उजळलेला.

"वहिनी," ते म्हणाले, "ते उडेल असं वाटलेला हा पहिलाच माणूस भेटला हो मला."