अनुलोम-विलोम आणि प्रेस मशीन

आमच्या कारखान्यातल्या बायका पत्रा कापायच्या प्रेस मशीनसमोर बसायला घाबरतात. मशीनला सुरक्षेची जाळी बसवायची सोडून साहेबांनी काल योगाच्या बाई बोलावल्या!

“भीती मनात असते, ताई. श्वासाबरोबर सोडून द्या,” बाई म्हणाल्या. “अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करा. आता करंगळीशेजारच्या बोटाने डावी.”

माझ्या शेजारी बसलेल्या सुमनने डोळे मिटून हात वर नेला आणि ती थबकली. ते बोट गेल्या वर्षी त्याच मशीनने नेलं होतं.

सुमनने मधलं बोट लावलं, श्वास सोडला. भीती मात्र तिने सोडू नये. उरलेली नऊ बोटं त्या भीतीनेच राखली आहेत.