वेफरच्या काठावरची खाच

मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करते, गावापासून फार लांब. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी सौंसरला आले, तेव्हा चाचणीत बाद झालेली एक वेफर बाबांसाठी आणली होती, साहेबांना रीतसर विचारून. जिच्यातून चिप कापतात ती सिलिकॉनची पातळ चकती, ताटलीएवढी, आरशासारखी चकचकीत.

बाबा संत्र्याच्या बगिच्यातून आले, हात धुतले, पुसले, मगच तिला हात लावला. उलटून पालटून पाहिली. म्हणाले, "बाई, चिप त चौकोनी रायते म्हणतं. मंग हे गोल काऊन? काठचा माल वाया जाते ना!"

इतका नेमका प्रश्न कारखान्यात नवीन आलेली पोरंही विचारत नाहीत. उत्तर सोपं होतं. वितळलेल्या सिलिकॉनमध्ये त्याच्याच स्फटिकाचं एक बी बुडवून, फिरवत फिरवत हळूहळू वर ओढतात, म्हणून दांडा गोल होतो. मग काकडीसारख्या त्याच्या चकत्या पाडतात. पण मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. म्हटलं, "तुम्हाला नाही समजणार, बाबा."

तेव्हाच झडली असती माझी जीभ तर बरं झालं असतं.

बाबांचं बोट काठावरच्या बारीक खाचेशी थांबलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वेफर फडक्यात गुंडाळून आत घेऊन गेले.

यंदा बाबा गेले. तेरवी झाल्यावर आईनं पेटीतून ते फडकं काढलं. मी विचारलं, भिंतीवर का नाही लावली?

"कोणालेच दाखोली नाही त्याईनं. म्हणे, पोरीच्या हातून काठ फुटला, लोकं हासतीन तिले."

"अवं आई, फुटला नाही तो! मुद्दाम पाडतात ती खाच. मशीनमध्ये कोणती बाजू कुठं ठेवायची, ते तिच्यावरून कळतं."

आईनं खाचेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "म्हणजे कलमाच्या दोऱ्यावानी."

हो. बोरगावच्या रोपवाटिकेतून संत्र्याचं कलम आणायचं, तर बाबा ते उपटायच्या आधी उगवतीच्या फांदीला लाल दोरा बांधत. लावताना तीच बाजू उगवतीला यायला पाहिजे. जन्मभर हेच केलं त्या माणसानं. एका वाक्यात समजलं असतं त्यांना.

"मंग त्याईले काऊन नाही सांगतलं व माय?"

"त्यांनी विचारायला घेतलं होतं, आई," मी म्हटलं. "मीच नाही सांगितलं."