हरलेल्या गावानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं?

आमच्या जळकोटच्या कबड्डी संघाची पहिल्याच फेरीत धूळधाण झाली, तेव्हाच खरं तर हा प्रवास रद्द व्हायला हवा होता. पण ‘आपण फायनलला असणारच’ या आत्मविश्वासानं मी शाळेतून रजा मंजूर करून घेतली होती, कारण ‘कौटुंबिक’. आणि मंजूर झालेली रजा परत करणारा मास्तर मराठवाड्यात अजून जन्मायचाय. ऐंशीच्या दशकातलं कोरडं वर्ष होतं. प्यायला पाणी नव्हतं, पण स्पर्धेला चांगला हातभर उंचीचा कप होता. शेवटच्या दिवशी उपांत्य सामने आणि फायनल, ठिकाण तामलवाडी. अशा सहलीचा बेत कुणी आखत असेल तर आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा.

आम्ही तिघे निघालो. मी, माझा मित्र वसंता आणि दत्तूमामा. मामा म्हणजे गावाच्या संघाचे निवड समिती अध्यक्ष. समितीत दुसरं कुणी नव्हतं. गावात दमाला सगळ्यात पक्का गडी होता बौद्धवाड्यातला गौतम. त्याला मामांनी ‘अंगानं हलका’ म्हणून वगळलं आणि स्वतःच्या भाच्याला घेतलं. भाचा अंगानं अजिबात हलका नव्हता. चढाईला निघाला की मध्यरेषेपर्यंत पोचता पोचता त्याचा दम संपायचा. निवडीच्या वेळी मी तिथंच बसलो होतो आणि काहीएक बोललो नव्हतो. मामांच्या ओट्यावर चहा चांगला मिळायचा.

नळदुर्गला एस.टी. बदलावी लागते. तिथून तुळजापूरपर्यंतचा रस्ता दुष्काळी कामावर काढलेला, त्यामुळे दोन्ही बाजूंना खडीचे ढीग आणि मधे उरलेल्या जागेत ड्रायव्हरचं नशीब. खिडकीची जागा धरू नका, तोंडात माती जाते. भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याचा कॅन घरूनच न्या. तुळजापूरच्या स्टँडवर भजी घेतली तरच पाणी मिळत होतं, तेही अर्धा ग्लास आणि मालकाच्या नजरेखाली.

एस.टी.त मुख्य प्रश्न निघाला.

“मामा, आपले तर गेले. आता वरडायचं कुणाच्या बाजूनं?” वसंतानं विचारलं.

“तामलवाडी नको. त्यांच्याकडं टँकर रोज येतोय.”

“सोलापूरची तालीम?”

“ती लोकं आपल्याला अडाणी समजत्यात.”

“सूतगिरणीचा संघ?”

“पगारी गडी! त्यात कसला आलाय खेळ?” मामांनी हात झटकला. “माकणी. माकणीनं आपल्याला हरवलंय. तीच जिंकली पायजे. मंजी आपण कुणा ऐऱ्यागैऱ्याकडनं न्हाय, कप नेणाराकडनं हरलो.”

हिशेब बिनतोड होता. वसंताची सासुरवाडी माकणीच, त्यामुळे त्याला हिशेबाची गरजच नव्हती. मीही मान हलवली. मान हलवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

मैदानावर पोचलो तर कडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांपासून शेतकी संघाच्या संचालकांपर्यंत सगळा मुलूख बसलेला. प्रवेश फुकट, सावली मंडपवाल्यांना. मैदानावर मारायला पाणी नव्हतं, म्हणून फक्कीच्या रेषा एका चढाईत उडून जायच्या. मग पंचांनी तोड काढली. प्रेक्षकांना रेषेला गुडघे लावून बसवलं आणि शंका आली की त्यांनाच विचारायचं. फायनलला एका बाजूला कोण बसणार? ज्यांचा संघ कधीच बाहेर पडलाय असे निःपक्षपाती लोक. पंच म्हणाले, “जळकोटचे पाव्हणे, तुम्ही या हिकडं. तुमचं काय जात न्हाय, काय येत न्हाय.” असा मान आम्हाला त्याआधी कधी मिळाला नव्हता.

फायनल माकणी विरुद्ध सूतगिरणी. गिरणीचे गडी मैदानात उतरले आणि त्यात चौथा गौतम. गिरणीत तो बदली कामगार म्हणून लागला होता, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर दिवसभर गेटावर उभं राहायचं. आम्हाला बघून तो हसला. “गुरुजी, तुमी आलात व्हय?” असं म्हणाला, जणू मी त्याच्यासाठीच आलो होतो. मग लाउडस्पीकरवरून गिरणीचे चेअरमन बोलले. संघ जिंकला तर संघातले बदली गडी उद्यापासून कायम.

त्या क्षणी मी माकणी सोडली. मनातल्या मनात, अर्थात. शेजारी मामा होते.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत. गौतम ‘कबड्डी कबड्डी’ करत गेला, कोपऱ्यातल्या गड्यानं झेप घेतली, गौतम आमच्या गुडघ्यांना घासून वळला, त्याला शिवला आणि परत आला. धुरळा एवढा उठला की मंडपातल्यांना काही दिसलं नाही. माकणीवाले ओरडले, “पाय भाईर! शिवायच्या आदी पाय भाईर!” पंच आमच्याकडे आले.

“पाव्हणं, खरं सांगा. पाय आत का भाईर?”

“भाईर,” मामा म्हणाले. डोळ्याची पापणीही हलली नाही.

“भाईर,” वसंता म्हणाला. त्याला पुढच्या आठवड्यात सासुरवाडीला जायचं होतं.

“गुरुजी, तुमी?”

गौतम दम खात उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. मास्तर खोटं बोलत नाही, एवढी त्याला खात्री होती.

“धूळ होती,” मी म्हणालो. “दिसलं न्हाय.”

दोन मतं पुरेशी होती. शिट्टी वाजली, गौतम बाद, कप माकणीला. त्यानं पायाला लागलेली फक्की झटकली आणि बाकीच्यांबरोबर निघून गेला.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली, हे नमूद करण्यासारखं. गावात पारावर विचारणा झाली, तेव्हा मामांनी सांगितलं, “आपण दुसरे आलो म्हणायला हरकत न्हाय.” लोकांना ते पटलं. माझी रजाही सत्कारणी लागली.

गौतम पुढच्या महिन्यात भिवंडीला यंत्रमागावर गेला. बऱ्याच वर्षांनी बहिणीच्या लग्नाला आला, तेव्हा त्याला दमा लागला होता. चार पावलं चालला की थांबायचा. ज्याच्या दमावर अख्खा सामना उभा होता, तो माझ्यापुढं श्वास शोधत होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “गुरुजी, त्या दिशी धूळ लई व्हती, न्हाय का?”

मी म्हणालो, “व्हय, लई.”

मामा गेले, वसंताला त्यातलं काही आठवत नाही, सूतगिरणीच्या गेटाला कुलूप आहे. तामलवाडीला आता चांगल्या रस्त्यानं तासाभरात पोचता येतं. जायचं असेल तर जरूर जा. कुणाच्याही बाजूनं ओरडा, फक्त रेषेजवळ बसू नका. बसलात तर तिथंच बोला, माझ्यासारखं इतक्या वर्षांनी नको.

पाय आत होता. चांगला चार बोटं आत होता.