गडव्यातले मतदान

जवस भाजल्याचा वास आला, की मला मूर्तिजापूरचा एसटी स्टँड दिसतो. अमरावतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. मांडीवर जवसाच्या चटणीचा डबा, अजून कोमट. बाबा खाली उभे राहून कंडक्टरला माझे वसतिगृह समजावून सांगत होते. माय मात्र माझ्याकडे न पाहता पदराला गाठ मारत होती आणि सोडत होती.

माझे जाणे मतदानाने ठरले होते. गावाकडच्या भाच्यांनो, तुम्हाला हे कोणी सांगितले नसेल.

शाळेत सर लोकशाही आणि हुकूमशाही शिकवत होते. हुकूमशाहीत एकच माणूस ठरवतो, त्याला प्रश्न विचारता येत नाही, असे सांगून त्यांनी उदाहरण मागितले. इतरांनी दूरदेशांची नावे घेतली. मी म्हणाले, "आमचं घर." वर्ग खदखदून हसला. बाबा गावातल्या बुद्धविहार समितीचे अध्यक्ष. संविधानदिनी उद्देशिका तेच खणखणीत आवाजात वाचत. सरही त्याच समितीत. संध्याकाळपर्यंत माझे उदाहरण घरी पोहोचले.

बाबा रागावले नाहीत, आणि त्याचीच अधिक भीती वाटली. रविवारी वंदनेनंतर त्यांनी सर्वांना ओसरीवर बसवले. "पोरगी मले हुकूमशहा म्हणून रायली. घ्या मंग मतदान. दहावीनंतर इले अमरावतीले धाडाचं का नाई? न धाडनारे, हात वर." पहिला हात त्यांचाच. त्यांच्याकडे पाहून दादाचा. आजीने दोन्ही हात उंचावले.

"बुढे, एकच मत रायते," दादा म्हणाला.

"असू दे. माह्या लेकाले दोन."

मायला विचारले, तर ती नेहमीचेच म्हणाली, "त्यायले इचारा."

लोकशाहीनेच मला हरवले होते. मी उठून उभी राहिले. "बाबा, हे मत नोय. सारे तुमच्या तोंडाकडे पाहून रायले. गुप्त घ्या."

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आन गडवा."

आम्हा पाचही जणांच्या तळहातावर मी तुरीचा एक आणि ज्वारीचा एक दाणा ठेवला. तूर म्हणजे जाणे, ज्वारी म्हणजे राहणे. एकेकाने आतल्या खोलीत जाऊन तांब्यासारख्या पितळी गडव्यात एक दाणा टाकायचा. बाहेर आम्हाला फक्त तो बारीक, स्वच्छ नाद ऐकू येई, आणि प्रत्येक नादाबरोबर माझे पुढचे आयुष्य थोडे इकडे, थोडे तिकडे कलत असे.

गडवा उपडा केला. चार तुरी, एक ज्वारी. सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या.

"मले काहून पाह्यता? थे माहं नोय," बाबा म्हणाले, आणि टोपी घालून शेताकडे निघून गेले. चारचौघांत उचललेला हात खाली घेणे त्यांना जमले नसते. बंद खोलीत जमले.

गाडी हलण्याआधी माय खिडकीशी आली. "थे ज्वारी माही व्हती," ती म्हणाली. "तू गेल्यावर मी कोनाशी बोलू?" तिच्या आयुष्यातले पहिले स्वतःचे मत माझ्याविरुद्ध पडले होते. मी तिचा हात घट्ट धरला. पण उतरले नाही.

अमरावतीनंतर पुणे. इथे स्टाफरूममध्ये माझ्या 'मले'वर हसले गेले, तेव्हा मी 'मला' म्हणायला शिकले. प्रश्न विचारणे मात्र सोडले नाही. मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "सर्वांचे एकमत आहेच" असे कोणी म्हटले, की मी चिठ्ठ्या मागते. लोक घड्याळाकडे पाहतात. मी मागतच राहते.

बाबा गेल्यानंतर मायसाठी मी फ्लॅटमधली पूर्वेची खोली रिकामी केली. दादा म्हणाला, "घेऊन जाय. तिले काय इचारतं?" त्या वाक्याने मी सावध झाले. पूर्वी घर म्हणजे माझ्यासाठी ओसरी होती, शेणामातीचा गारवा होता. आता जिथे मायला विचारले जाते आणि तिने काय म्हणावे हे आधीच कोणी ठरवलेले नसते, ते माझे घर. मग ते कुठेही असो.

काल मी फोन केला. "माय, माह्याकडे कायमची येतं का?" ती 'दादाले इचार' म्हणेल, अशी मला धास्ती होती. ती यावी, याची आसही तेवढीच होती. तिने जराही वेळ घेतला नाही.

"नाई."