सगुणकाकांच्या फणसावरचा पोकळ ओंडका

कोरगावात कोणीही सांगेल, सगुणकाकांना झाडाने धरलंय. रोज तिन्हीसांजेला ते काजूच्या बागेत जातात, फणसाखाली उभे राहून घुबडाशी बोलतात, म्हणूनच त्यांची काजूच्या दारूची भट्टी बंद पडली.

यातलं फणसाखाली उभं राहणं तेवढं खरं. बोलत ते काहीच नाहीत. ऐकतात.

दोन वर्षांमागे ऐन हंगामात भट्टीला लाकूड कमी पडलं. काजूच्या बोंडूंचा, म्हणजे फळांचा, रस आंबून तयार, उद्यावर ढकलता येईना. बागेच्या कडेला एक वठलेला काजू होता. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची. मुठीएवढं रानघुबड ते, दिवसाउजेडी फांदीवर बसून टोळ टिपायचं आणि बुलबुलांच्या शिव्या खायचं. काकांनी हिशेब केला: काड्या नेताना कोणी दिसलं नाही, म्हणजे अंडी नसणार. पिंगळा काडीसुद्धा आणत नाही, उघड्या ढोलीतच अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. झाड आडवं झालं तेव्हा तीन पांढरी अंडी फुटून त्यांच्या पायाशी ओघळली.

"वाऱ्यान पडला," असं त्यांनी बायकोला, पद्मावतीला सांगितलं. तिने कुऱ्हाडीकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

ढोलीचा ओंडका मात्र त्यांच्याने भट्टीत घालवला नाही. तो त्यांनी फणसावर चढवून सुंभाने बांधला. आपण उठवलेली जोडी परत यावी, एवढंच त्यांना हवं होतं. गेल्या वर्षी कोणी आलं नाही. भट्टीही त्यांनी पेटवली नाही.

यंदा एका संध्याकाळी फणसामागून पिंगळ्याची हाक आली. आधी सावकाश, मग घाईघाईने, आणि एकदम बंद. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. काकांनी डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, देवळात शिरताना काढतात तसा. फणसामागून मान खाली घालून शेजारची सेजल बाहेर आली. नववीतलं पोर, पाववाल्याचा भोंपू, कंडक्टरचं नाकातलं "पेडणें, पेडणें", हेडमास्तरांचा खोकला, सगळ्यांची नक्कल तिच्या गळ्यात.

"काका, ता मी केलंय. गंमत म्हणून," ती पुटपुटली.

"पयली हाक तुझी. दुसरी नाय."

"दुसरी नव्हतीच. माझीच घुमली आसतली."

"तू मधी श्वास घेतंस गो. तो घेत नाय."

सेजलला त्यांची कीव आली. "मग पैज. सकाळी कोण दिसला नाय तर ओंडको खाली काढायचो, आणि हंय येवचा बंद. लोक तुमका काय काय बोलतत."

काकांनी टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला. "आणि दिसलो तर?"

"आठ दिवस तुमचे बोंडू मी वेचतंय."

सकाळी बुलबुलांनी फणसावर कालवा केला. ओंडक्यातून एक वाटोळं डोकं बाहेर आलं, पिवळ्या डोळ्यांनी दोघांकडे बघितलं आणि आत गेलं. सेजलने मुकाट्याने टोपली उचलली.

तिसऱ्या दिवशी ती कंबर धरून ओरडली, "काका, अजून पाच दिवस?"

"हळू बोल," काका फणसापासून दहा हात लांबूनच म्हणाले, "आत अंडी आसतील."